ओठांचे कोपरे

कुंभकोणमच्या शाळकरी मुलांना डब्यातल्या दुधाचा काही उपयोग होत नाही, असा एक निष्कर्ष आमच्या नगरपालिकेच्या दप्तरात आहे. टंकलिखित आहे, सहीशिक्क्याचा आहे. तो खोटा आहे, आणि तो खोटा झाला माझ्यामुळे. एवढं लिहायला मला दहा वर्षं लागली. आता लिहिलंच आहे, तर पुढचंही लिहून टाकतो.

मी बोलणारा माणूस नाही. घरात मला लहानपणापासून मुका म्हणत. गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे असं मीही लोकांना समजू दिलं. त्यातला स्वभाव किती आणि सोय किती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या वेळी मी नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत दुय्यम मास्तर होतो, इथल्या भाषेत वाद्यार. नोकरी अजून कायम झाली नव्हती. शाळेत दुपारी मुलांना कंजी देण्याची योजना आली. उकड्या तांदळाची पेज, तिच्यात थोडी डाळ आणि मिळेल ती पालेभाजी. पण सरकारचा खरा डोळा होता दुधावर. समुद्रापलीकडून पत्र्याच्या डब्यांतून दुधाची पूड आली होती. मलई काढून घेतलेल्या दुधाची. ती कंजीत मिसळली तर मुलांच्या अंगी काही लागतं का, हे आमच्या शाळेत पाहायचं होतं. लागतं असं दिसलं तर गावातल्या सगळ्या शाळांना कंजी आणि दूध दोन्ही मिळणार. नाही दिसलं तर सगळंच बंद. दुधामागे कंजीही जाणार. हे पहिल्याच दिवशी आम्हाला स्पष्ट सांगितलेलं होतं, म्हणून मला पुढे कधी "मला कल्पना नव्हती" असं म्हणता आलं नाही.

पाहणीसाठी मद्रासहून एक तरुण डॉक्टर आले. डोक्यावर सोला हॅट, खिशात बांबूच्या चपट्या काड्या. त्यांनी मुलांच्या दोन याद्या केल्या. पहिल्या यादीला दूध घातलेली कंजी, दुसरीला नुसती. दोन वेगळी पातेली, दोन वेगळ्या रांगा. दर महिन्याला वजन आणि उंची घ्यायची आणि तोंड तपासायचं. तोंड का, ते त्यांनी मला एका मुलीचा ओठ काडीने बाजूला करून दाखवलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडलेल्या होत्या. ओल्या, पांढुरक्या.

"हे इथल्या किती मुलांना आहे, पाहिलंत?" ते म्हणाले. "लोकांना वाटतं उष्णता. उष्णता नाही, मास्तर. अन्नात काहीतरी कमी आहे. ते या डब्यात आहे असा माझा अंदाज आहे. अंदाजच. तुम्ही मला पुरावा द्या."

ज्या मुलीचा ओठ त्यांनी दाखवला, ती तिसरीतली होती. तिची आई कावेरीकाठच्या पानमळ्यात मजुरी करायची. मुलगी पंचमांच्या, म्हणजे अस्पृश्यांच्या, वस्तीतली, त्यामुळे वर्गात सर्वांत मागे, वेगळ्या चटईवर बसायची. पाठांतर तिला सगळ्यांच्या आधी यायचं, पण म्हणताना ती ओठ जवळजवळ मिटूनच म्हणायची. मी एकदा तिला दरडावलं होतं, "तोंड उघडून बोल." तिने उघडलं, आणि कोपऱ्यातून रक्ताचा एक थेंब आला. तिने तो हाताने पुसला आणि पुढची ओळ म्हटली. तिचं नाव पहिल्या यादीत लागलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आता स्वयंपाकाचं. सगळ्या जातींच्या मुलांनी खायचं तर रांधणारी ब्राह्मणच हवी, नाहीतर अर्धे आईबाप मुलांना जेवू देणार नाहीत, असं हेडमास्तर म्हणाले. मी माझ्या आत्याचं नाव सुचवलं. ती बालविधवा, आमच्याच घरी राहायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसलेली. या कामाने ती इतकी बदलली की माझ्या बायकोलाही आश्चर्य वाटलं. पहाटे नदीवर स्नान करून ओलेत्याने परत यायची, सोवळं नेसायची आणि ताठ मानेने शाळेच्या वाटेला लागायची. मुलं तिला पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. तिला ते फार आवडायचं.

शाळेमागे झावळ्यांची एक शेड स्वयंपाकासाठी दिली होती. तिला दार नव्हतं, उंबरा नव्हता. आत्याने पहिल्या दिवशी चुलीतली राख घेऊन जमिनीवर एक रेघ ओढली.

"हिच्या आत कुणी यायचं नाही. तू पण नाही रे बाळा. दिवसभर कुणाकुणाच्या पाट्यांना हात लावतोस."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. गैर वाटलं नाही, हेच मला आज सांगायचं आहे. आमच्या घरी सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात कोट घालून कुणी गेलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. रोज सकाळी मी डॉक्टरांच्या मापाने पूड मोजायचो, पितळी पातेल्यात काढायचो, ते पातेलं राखेच्या रेघेवर ठेवायचो आणि दोन पावलं मागे सरायचो. मग आत्या येऊन त्याच्यावर पाणी शिंपडायची, ते उचलायची आणि ताटीच्या आड जायची. शिजत्या अन्नावर कुणाची नजर पडू नये म्हणून तिने ताडपानांची ताटी बांधून घेतली होती.

डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यात एक रकाना होता, 'पूड माझ्यासमोर मिसळली'. त्यात मी रोज सही करायचो. माझ्यासमोर म्हणजे काय, हा प्रश्नच मला पडला नाही. पूड मी दिली, ती आत गेली, कंजी बाहेर आली. आमच्या घरात देवाचा नैवेद्यही असाच बाहेर यायचा. त्यात काय घातलं, हे पाहायला कोण गेलं होतं?

पहिला महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टर येत, वजनं घेत. मुलांना वाटायचं की वजन जास्त भरलं म्हणजे पास. कुणी तपासणीआधी विहिरीवर पोट फुगेपर्यंत पाणी पिऊन यायचं, तर कुणी कमरेला गोटे बांधून. डॉक्टर हसून गोटे काढून घेत आणि मेजावर ओळीने मांडून ठेवत. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की त्यांचं हसू जायचं. दोन्ही याद्यांत काही फरक नव्हता. वजन दोघांचंही थोडं वाढलेलं, ते कंजीमुळे. ओठांच्या चिरा जशाच्या तशा.

"तुमच्या मापात काही चूक होत नाही ना?"

"नाही, सर. रोज स्वतः मोजतो."

हे खरंच होतं.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी शाळेमागच्या भिंतीपलीकडे राहणारी गवळण मला भेटली. आम्हा मराठी घरच्यांना इथले लोक रायर म्हणतात. दातांत पान धरून हसत म्हणाली, "रायर, तुमच्या आत्याबाईंना सरकारने गुरांच्या दवाखान्यात नेमायला हवं. तुमच्या शाळेचं धुवण पिऊन माझी गाय बघा कशी झालीय! एवढी तकाकी हिच्या लग्नात पण नव्हती." शेजारी तिची सून उभी होती, तिच्याकडे बोट करून ती हे म्हणाली. सून लाजली नाही, उलट म्हणाली, "मग मलाही धुवणच पाजायचं होतं."

त्या दोघी हसत होत्या आणि मी तिथेच उभा. तांदूळ धुतलेलं पाणी गाईला घालायचं, ही आमच्याकडे घरोघरची रीत. आत्याही रोज धुवणाची बादली भिंतीवरून गवळणीच्या द्रोणीत ओतायची, हे मी पाहिलेलं होतं. पांढरं पाणी. त्यात आणखी काही पांढरं असेल तर कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी पातेलं रेघेवर ठेवून मी वर्गात गेलो नाही. भिंतीच्या कडेने मागे जाऊन उभा राहिलो. आत्या बादली घेऊन आली. कमरेला पितळी पातेलं. तिने पुडीचं ते पातेलं धुवणात रिकामं केलं, हाताने ढवळलं, द्रोणीत ओतलं, पातेलं विसळून तेही पाणी गाईला दिलं, आणि गाईच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. चोरी करणारं माणूस नमस्कार करत नाही. मला तेव्हाच कळलं की हे प्रकरण चोरीपेक्षा वाईट आहे.

दुपारी, मुलं जेवून गेल्यावर, मी राखेच्या रेघेपाशी उभा राहून तिला विचारलं. तिने काही लपवलं नाही.

"मग काय करूं? समुद्रापलीकडची पूड. कुणाच्या हातची, कशाची, काय ठाऊक. हाडं दळून करतात म्हणे. लेकरांच्या पोटांत मी कशी घालूं?"

"दूध आहे ते, आत्या. गाईचंच दूध."

"दूध पत्र्यांत महिनोन्महिने राहतं काय रे? तूच सांग. नासत नाही तें दूध कसलं?" मग जरा समजावणीच्या सुरात, "वाया नाही जाऊं दिलं हो मी. गाईच्या पोटांत गेलं की शुद्धच होतं तें. त्याच्या बदल्यांत गवळणीकडनं रोज लोटीभर ताक घेतें. तें घालतें कंजींत."

"कुठल्या पातेल्यात?"

"दोन्हींत. निम्मं निम्मं. एका शाळेंतली लेकरं, एकाला दूध आणि एकाला नाही, हा पंक्तिप्रपंच मला नाही हो जमायचा. तुझ्या डॉक्टरला जमतो, तो करो. माझ्या हातून व्हायचं नाही तें पाप."

पंगतीत वाढताना आपपरभाव करणं हे आमच्यात ब्रह्महत्येच्या शेजारी बसवलेलं. शिवाय आत लपून बसलेलं एक मन म्हणत होतं की बाई बरोबर बोलते आहे. डॉक्टरांनी निम्म्या मुलांच्या हातातून दूध काढून घेतलं होतं, ते केवळ ताजव्याच्या दुसऱ्या पारड्यात काहीतरी हवं म्हणून.

पण एक गोष्ट मी तेव्हा तिला विचारली नाही. पंचमांची पाच मुलं रांगेत बसत नव्हती. ती पलीकडे करंजाच्या झाडाखाली बसत, आपापली मातीची वाडगी घेऊन. आत्या सर्वांत शेवटी तिकडे जायची, आणि विटाळ होऊ नये म्हणून हातभर उंचावरून ओतायची. निम्मं वाडग्यात, निम्मं धुळीत. ताकाची कंजी तोवर रांगेत संपलेली असायची. उरलेल्या तळात गरम पाणी घालून ती वाढवलेली असायची. त्या पाचांमध्ये ती मुलगी होती. पंगतीचा धर्म झाडापर्यंत पोचत नव्हता. आत्याने तो मोडला नव्हता, कारण तिच्या हिशेबी ती मुलं पंगतीत नव्हतीच. माझ्याही हिशेबी नव्हती. म्हणून तर विचारलं नाही.

"उद्यापासून पूड कंजीत घाल," मी म्हणालो. "नाहीतर मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांग की. आणि दुसरी बाई बघ." ती राखेची रेघ नव्याने ओढायला बसली. "म्हणावं, आत्या लेकरांना हाडं खाऊं घालायला तयार नाही, म्हणून हाकलली. आपल्या गल्लींत पण सांग."

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली आणि 'माझ्यासमोर मिसळली' या रकान्यातल्या माझ्या सह्या आठवल्या. रोजची एक. पत्र गेलं तर आत्या हाकलली जाणार, ते खरं. पण त्याआधी माझी सही खोटी ठरणार, आणि कायम व्हायची नोकरी होणार नाही. मी स्वतःला सांगितलं की हे आत्यासाठी आहे. आत्याचं नाव मी किती वर्षं ढालीसारखं वापरलं! पत्र फाडलं. पुढचे दोन महिनेही मी पूड मोजत राहिलो, रेघेवर ठेवत राहिलो आणि सही करत राहिलो. फरक एवढाच की आता मला ठाऊक होतं.

तरीही काहीतरी केल्यावाचून राहवेना. म्हणून मी एक अर्धवट गोष्ट केली. रोजच्या मापातली थोडी पूड कागदात बांधून वेगळी ठेवू लागलो. शाळा भरण्याआधी त्या मुलीला विहिरीमागे बोलवायचो, पाण्यात पूड कालवायचो आणि तिच्या वाडग्यात ओतायचो. मीही वरूनच ओतायचो. हे लिहायचं टाळणार होतो.

"सार्, औषध आहे का हे?"

"हो. कुणाला सांगायचं नाही."

"आईलापण नाही?"

"नाही."

तिने मान हलवली आणि डोळे मिटून प्यायली.

तिच्याच वाट्याला का, बाकीच्यांच्या का नाही? सगळ्यांसाठी करायचं तर सांगावं लागलं असतं. एकीसाठी करायचं तर नुसतं लपवावं लागत होतं, आणि लपवणं मला जमत होतं. तीन आठवड्यांत तिच्या ओठांचे कोपरे कोरडे झाले. पाचव्या आठवड्यात चिरा भरून आल्या. एका दुपारी ती वर्गात जोरात हसली, कशावर ते मला आठवत नाही, आणि मी फळ्यावर लिहिता लिहिता मागे वळलो. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर आले ते थकलेले दिसत होते. एकेक मूल पुढे येत होतं. काडी, ओठ, नोंद. पहिली यादी, चिरा आहेत. दुसरी यादी, चिरा आहेत. सगळ्यांत शेवटी पंचमांची मुलं. डॉक्टर त्यांना हात लावत, एवढं मी त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. तिच्यापाशी आल्यावर ते थांबले. तिला खिडकीच्या उजेडात नेलं. एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला, मागची नोंद काढून पाहिली.

"ही पूर्ण बरी झाली आहे." त्यांचा आवाजच बदलला होता. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "पहिल्या यादीतली हीच एकटी का? नीट आठवून सांगा, मास्तर. हिला काही वेगळं मिळालं का? घरी, शाळेत, कुठेही? हे फार महत्त्वाचं आहे."

त्यांनी माझ्यासाठी दार सताड उघडलेलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, हिला दूध मिळालं, बाकीच्यांना मिळालं नाही. दहा शब्दही लागले नसते. हेडमास्तर बाजूला उभे होते. मागे शेडमध्ये आत्या भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. खिडकीबाहेर कुणाची तरी शेळी भिंतीवर चिकटवलेली नोटीस ओढून खात होती.

"हिच्या आईने शेळी घेतली आहे, असं ऐकतो," मी म्हणालो.

डॉक्टरांचे खांदे खाली आले. तरी माणूस काटेकोर. ते मुलीसमोर उकिडवे बसले आणि तिला तमिळमध्ये विचारलं, "घरी शेळी आहे का गं?"

तिला इंग्रजी येत नव्हतं, मी काय बोललो ते तिला कळलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ठाऊक नाही, पण नऊ वर्षांच्या मुलीला ते वाचता आलं.

"आहे, सामी."

"दूध देते?"

"देते."

"कशी आहे, काळी की पांढरी?"

"तांबडी," ती म्हणाली. आणि मग, विचारलं नसताना, "एक कान फाटलेला आहे."

डॉक्टर हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उठले. त्यांनी नोंद केली ती मी वाचली. सुधारणा घरी मिळणाऱ्या शेळीच्या दुधामुळे. ही नोंद निष्कर्षातून वगळावी. सबंध पाहणीत खरा ठरलेला एकच पुरावा होता, आणि तो मी दोनदा नासवला. एकदा लपवून आणि एकदा शेळी बांधून.

अहवाल आला. डॉक्टरांनी त्यात शाळेच्या नोंदी अत्यंत काटेकोर असल्याबद्दल माझी तारीफ केली होती. त्याच तारिफेवर हेडमास्तरांनी माझी शिफारस केली आणि मी कायम झालो. सत्र संपताच कंजी बंद झाली. गावातल्या दुसऱ्या कुठल्या शाळेत ती कधी सुरूच झाली नाही. शेडच्या झावळ्या गवळणीने नेल्या.

आत्या पुन्हा आमच्या चुलीपुढे येऊन बसली. जिला वाचवलं म्हणून मी म्हणत होतो, तिचं कामही गेलंच. तिला मात्र त्यात विजय दिसला. येईल त्याला सांगायची, "शेवटीं सरकारला कळलं ना! डब्यांतलं दूध लागत नाही लेकरांना. मी आधींच म्हटलं होतं." मी समोर बसून ऐकायचो. परवाच्या पावसाळ्यात ती गेली. शेवटच्या आजारातही एकदा म्हणाली, "आयुष्यांत दुसरं कांही केलं नसेल मी, पण पंक्तिप्रपंच कधीं केला नाही." मी तिच्या तोंडात पाण्याचा चमचा घातला. करंजाच्या झाडाचं नाव मी तेव्हाही काढलं नाही.

ती मुलगी कंजी बंद झाली त्या आठवड्यातच शाळेतून गेली. आई तिला पानमळ्यात पानं खुडायला नेऊ लागली. पटावर मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहीत गेलो, आणि मग नाव काढून टाकलं.

आता युद्ध चालू आहे. ब्रह्मदेशाचा तांदूळ येईनासा झाला आणि इथे, चारी बाजूंनी भातशेती असलेल्या गावात, आम्ही तांदळासाठी रेशनच्या दुकानापुढे उभे राहतो. मागच्या महिन्यात मी रांगेत होतो. रांगेपासून जरा अंतर ठेवून काही बायका वेगळ्या उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल होतं. मूल रडत होतं, पण तोंड पुरतं उघडत नव्हतं. माझी नजर त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांवर गेली. तिथून मी त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.

"सार्," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तांबडी शेळी बरी आहे का?"

शेजारची बाई हसली. "हिचं काय ऐकता, वाद्यार! कुठली शेळी गं?"

"होती एक. सार्‌ंनी बांधली होती आमच्या दारात." ती हसत होती. तिच्याही ओठांना पुन्हा चिरा होत्या.

मी तांदूळ घेतला आणि घरी आलो.

आता मी त्याच शाळेचा हेडमास्तर आहे. टंचाईच्या दिवसांत शाळांतून कंजी आणि दूध द्यावं का, असा प्रश्न नगरपालिकेपुढे आला आहे, आणि जुन्या पाहणीची माहिती माझ्याकडून मागवली होती. त्या दिवशी रेशनच्या दुकानातून आल्यावर मी कोट न काढताच लिहायला बसलो. सगळं लिहिलं. राखेची रेघ, सह्या, धुवण, ताक. आत्याचं नाव घातलं नाही, 'स्वयंपाकीण' एवढंच. माझं घातलं. शेवटी लिहिलं की शेळी नव्हती, त्या मुलीला दूध मिळालं होतं आणि ती बरी झाली होती. म्हणून जुना निष्कर्ष रद्द करून दूध द्यावं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. आपण पाठवलेला मजकूर वैयक्तिक स्वरूपाचा असून प्रस्तुत प्रकरणाशी संबंधित नाही. नोंदी त्या वेळी रीतसर तपासल्या गेल्या आहेत. जुना निष्कर्ष कायम समजून निर्णय घेण्यात येत आहे. माझ्या नोंदी इतक्या काटेकोर होत्या की आता मलाही त्या मोडता येत नव्हत्या. शिक्षा नाही, चौकशी नाही, साधा ठपकाही नाही. तो आला असता तर निदान कुणीतरी वाचलं असं झालं असतं.

काल पुन्हा रेशनचा दिवस होता. ती तिथेच उभी होती, मूल कडेवर. मी रांग सोडून तिच्याजवळ गेलो. मागचे लोक ओरडले की नंबर जाईल. मी पहिल्यांदाच तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलो नाही.

"शेळी नव्हती," मी म्हणालो. "मी लिहून दिलं तसं. त्यांनी मानलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, राग नाही, काही नाही, नुसतं पाहिलं.

"शेळी नव्हती ते मला काय सांगता, सार्?" ती म्हणाली. "घर माझं होतं."

मग तिने मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, कारण तांदूळ मोजायला सुरुवात झाली होती, आणि बायकांच्या मागोमाग पुढे सरकली.